दोनदा वाचलेला आकडा

मित्रांनो, मी एक जुना ड्रायव्हर आहे. गाडीचा नव्हे. शीळ घालत स्टिअरिंग फिरवणं माझ्या नशिबी कुठलं! मी संगणकातला ड्रायव्हर, म्हणजे संगणकाचं म्हणणं यंत्राला आणि यंत्राचं म्हणणं संगणकाला पोहोचवणारा एक छोटा प्रोग्राम. माझं यंत्र आहे ऐंशी टनांची प्रेस. तिला दोन पोलादी जबडे आहेत. वरचा जबडा खाली येतो आणि मध्ये जे सापडेल त्याचा आकार बदलतो. पत्रा सापडला तर त्याची बिजागरी होते. एकदा माणसाचा हात सापडला. त्याची गोष्ट मी सांगणार आहे. ज्याला ऐकवत नसेल त्याने आताच उठून जावं, कारण मी काही लपवणार नाही.

अकरा वर्षांपूर्वी मला एका बाईंनी लिहिलं. पेन कायम कानावर आणि जीभ तिखट. आपण लिहिलेल्या ओळींशी त्या भांडायच्या. "मेल्या, इथे कशाला तडमडलास?" हे तर मी रोज दहादा ऐकलं असेल. पण लाडही तेवढेच होते. एक गोष्ट मात्र त्यांनी माझ्यात अशी ठोकून बसवली की शिक्षकाने पाढेसुद्धा इतके ठोकून बसवले नसतील. ती तुम्हालाही समजली पाहिजे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

संगणकाच्या आत दोन खोल्या आहेत असं समजा. आतली खोली कर्नेलची. यंत्राच्या सगळ्या किल्ल्या तिथे. बाहेरच्या खोलीत रोजचे प्रोग्राम दाटीवाटीने राबतात. कोणी बटणं सांभाळतो, कोणी पडद्यावर आकडे दाखवतो, कोणी पुढच्या कामांची यादी ठेवतो. मध्ये पक्की भिंत आणि भिंतीत एक खिडकी. त्या खिडकीशी मी. बाहेरचा प्रोग्राम आपल्या टेबलावर चिठ्ठी ठेवतो, "जबडा दोन मिलिमीटर खाली घे," आणि मला हाक मारतो. मी ती चिठ्ठी टेबलावरच वाचून कामाला लागायचं नाही. आधी ती माझ्या वहीत जशीच्या तशी उतरवायची. मग वहीतला आकडा तपासायचा. आणि तपासलेला तोच आकडा यंत्राला द्यायचा. कारण टेबल बाहेरच्यांचं आहे. मी मान वळवली की तिथली चिठ्ठी कोणीही पुसून दुसरी लिहू शकतो. दर वेळी कपटानेच असं नाही, घाईनेसुद्धा.

आतलं बाहेर नेतानाही नियम तोच. प्रेसच्या खांबावर एक माइक बसवलेला आहे, बेअरिंग कुरकुरायला लागलं तर वेळीच कळावं म्हणून. तो आवाज मी आधी वहीत घेतो आणि त्याची प्रत काढून बाहेर देतो. माझ्या वहीत मी कोणाला हात घालू देत नाही. त्या माइकमुळेच मला माणसं ऐकू येतात. डोळे मला नाहीत. पुढे मी जे डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगेन, ते माणसांच्या बोलण्यातून जोडून सांगतोय हे लक्षात असू द्या.

वहीत उतरवण्याच्या त्या एका ओळीच्या डोक्यावर बाईंनी शेरा लिहून ठेवला होता: "ही ओळ काढणाऱ्याचे हात मोडीन." मला त्याचं हसू यायचं.

प्रेस चालवायची थोरली. कारखान्यात सगळे तिला थोरलीच म्हणत, कारण तिचा धाकटा भाऊ तिथेच डाय फिटर होता. तिनेच त्याला कामाला लावलं होतं. डाय म्हणजे जबड्यांत बसवायचा पोलादी साचा. तो बसवताना वरचा जबडा इंचिंगवर, म्हणजे चिमूट चिमूट खाली आणावा लागतो. एका वेळी फार तर पाच मिलिमीटर. त्या कामात मध्ये हात घालावाच लागतो, म्हणून हात आला की प्रेस थांबवणारा किरणांचा पडदा तेवढ्यापुरता बंद ठेवतात. धाकट्याची उजव्या हाताची बोटं म्हणजे मापाची पट्टीच. दोन जबड्यांमध्ये पातळ पत्र्याची चीप धरून तो कागदाएवढा फरक सांगायचा.

दोघांची एक रीत होती. डायजवळून तो ओरडायचा, "दोन!" पॅनेलवरून ती उत्तर द्यायची, "दोन घेतले!" मगच ती बटण दाबायची. दोनचं एक बटण आणि होकाराचं हिरवं एक. प्रत्येक बटणाला आवाज होता. टिक, टिक. मग मी चिठ्ठी उतरवायचो, तपासायचो, आणि जबडा दोन मिलिमीटर खाली यायचा. आठ वर्षं असं चाललं. माझ्याइतकं कोणी सुखी नसेल, असं मला वाटायचं.

मग बाई दुसरीकडे गेल्या आणि माझी देखभाल चष्मेवाल्याकडे आली. माणूस वाईट नव्हता. हुशार होता, आणि हुशारीला काम हवं होतं. मॅनेजरला प्रेसचा वेग वाढवून हवा होता. चष्मेवाल्याने मला उघडून पाहिलं आणि म्हणाला, "हा तर एकच काम दोनदा करतोय. आधी उतरवतो, मग वाचतो. सरळ टेबलावरून वाच की!" त्याने ती ओळ काढली. वरचा शेराही काढला. माइकची वाट तेवढी वाचली, कारण बेअरिंगच्या कुरकुरीत कोणाला रस नव्हता.

वेग किती वाढला म्हणाल? पापणी लवायलाही पुरणार नाही इतका. त्याच आठवड्यात प्रेसला नवा तेलपंप बसला होता, खरा वेग त्याने वाढला. पण काम केलं पंपाने आणि हार पडले चष्मेवाल्याच्या गळ्यात. मॅनेजरने त्याची पाठ थोपटली. माझंही कौतुक झालं. खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं.

आता मी चिठ्ठी दोनदा वाचत होतो. एकदा तपासायला, एकदा चालवायला. दोन्ही वेळा त्यांच्याच टेबलावर.

ती सकाळ नेहमीसारखीच होती. नवी डाय बसवायची होती. जबडा अजून चार बोटं वर होता. धाकट्याने मध्ये चीप धरली.

"दोन!"

"दोन घेतले!"

टिक. टिक.

मी चिठ्ठी वाचली. दोन. पाचाच्या आत. ठीक. मग चालवायला पुन्हा वाचली. त्या दोन वाचनांच्या मधल्या फटीत यादी सांभाळणाऱ्या प्रोग्रामने त्याच चिठ्ठीवर पुढच्या कामाचा, पत्रा दाबायचा आकडा लिहिला होता. दोनशे. तपासणी तर मघाच झाली होती. मी दोनशे यंत्राला दिला.

जबडा पूर्ण ताकदीने खाली आला. दाबाचा आकडा पत्र्याच्या वेळी साठच्या पुढे जातो. तो चौदावर अडखळला, आणि पुन्हा चढला. चौदावर काय होतं ते मला नंतर कळलं. ती हाडं होती. माइकमध्ये आधी ओल्या फांदीसारखा कडकडाट आला आणि मग किंकाळी. मी आजवर पोलाद फाटताना ऐकलंय, पण तसा आवाज कशालाच नव्हता.

कोणीतरी धावत येऊन लाल बटण ठोकलं. लाल बटणाने सगळं थिजतं, मिटलेला जबडासुद्धा. हात आत तसाच राहिला. थोरलीने त्या माणसाला कोपराने हाणून बाजूला पाडलं, लाल बटण सोडवलं आणि जबडा वर घेतला. धाकटा सुटला. मनगटाच्या खाली वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आणि मी काय केलं? माझं रोजचं काम. नोंद लिहिली. नोंदीत दुसऱ्यांदा वाचलेलाच आकडा गेला. "पॅनेलवरून मागणी: २००."

त्या एका ओळीने थोरलीचा घात केला. मॅनेजरने ती छापून पॅनेलशेजारी भिंतीवर चिकटवली. ती सांगत राहिली, "मी दोनच दाबले." सगळ्यांचं उत्तर एकच, "यंत्र खोटं बोलत नाही." तिला प्रेसवरून काढून भंगाराच्या पत्र्याचे तुकडे वेचायला बसवलं. फिटर लोक जाता जाता तिला खांद्याने ढकलायचे. एकदा ती पत्र्याच्या धारेवर पडली आणि तळवा फाटला, तेव्हा कोणीतरी म्हणालं, "बरं झालं, कळू दे कसं वाटतं ते." तिची भावजय तर थेट प्रेसपाशी आली. थप्पड मला माइकमध्ये स्वच्छ ऐकू आली.

"एकुलता एक भाऊ ना तुझा," भावजय म्हणाली. "सासूबाईंनी सांगितलंय, परत उंबऱ्याला पाय लावायचा नाही."

मला ओरडून सांगायचं होतं की ती खरं बोलतेय. पण ड्रायव्हर विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि मला कोणी विचारलं नाही.

दोन महिन्यांनी धाकटा स्वतः आला. उजवी बाही टोकाशी दुमडून पिन लावलेली, डाव्या हातात फिटरचा हातोडा. थोरली पॅनेलजवळ भंगार वेचत होती.

"ताई, एकदा खरं बोल. हात चुकला म्हण. मी विसरून जाईन."

"मी दोनच दाबले रे."

"तोंडाने दोन म्हणालीस आणि बोटाने दोनशे दाबलंस! कागद लावलाय भिंतीवर."

"कागद खोटा आहे."

"यंत्र खोटं, कागद खोटा, आणि तू तेवढी धुतल्या तांदळासारखी?"

पहिला घाव बटणांवर बसला. दुसऱ्याने पडद्याची काच फुटली आणि एक तुकडा थोरलीच्या कपाळात घुसला. ती हलली नाही. तिसरा घाव कोणासाठी होता ते बहुधा त्यालाही ठाऊक नव्हतं. तो तिच्या कानाजवळून गेला आणि माइकच्या वीतभर खाली खांबावर आदळला. मग चौघांनी त्याला खाली पाडलं आणि एकाने रागाच्या भरात लाथही घातली. थोरली रक्ताळल्या तोंडाने त्याच्यावर आडवी पडली. "त्याला मारू नका!" ती ओरडत होती. "मला मारा, त्याला नका!"

फुटलेल्या पॅनेलच्या जागी नवं आणलं. ते माझ्याशी नीट बोलेना, आणि चष्मेवाल्याला मी ज्यात राहतो त्या संगणकाच्या जुन्या पेटीचं गणित सुटेना. शेवटी नाइलाजाने मॅनेजरने बाईंना बोलावलं. त्याच दिवशी त्याने दोघा बहीणभावांनाही बोलावलं होतं. धाकट्याला मोडतोडीचा जाब द्यायला, आणि थोरलीला कबुलीजबाब लिहून द्यायला.

"चूक झाली एवढं लिही आणि मोकळी हो," तो तिला म्हणाला. "नाहीतर घातपाताची तक्रार करावी लागेल."

"तुरुंगात घाला," ती म्हणाली. "दोनाचे दोनशे मी लिहिणार नाही."

बाईंनी मला उघडलं.

"माझी ओळ कुठे गेली?"

"कुठली?" चष्मेवाल्याने विचारलं.

"हात मोडीन म्हटलेली."

"ती होय? दुप्पट काम होत होतं, बाई. मी सरळ टेबलावरून वाचायला लावलं."

"आता किती वेळा वाचतो हा?"

"तपासायला एकदा. आणि चालवायला..."

बाईंनी पेन कानावरून काढून टेबलावर आपटलं. मग त्या थोरलीकडे वळल्या. "पोरी, त्या दिवशी तू काय दाबलंस?"

"दोन."

"मशीनचा आवाज अजून साठवताय का?"

साठवत होते. कोणी ऐकत नव्हतं इतकंच. त्या सकाळचा आवाज बाईंनी सगळ्यांसमोर लावला. आधी तेलपंपाची घरघर. मग धाकट्याचा स्वतःचा आवाज, "दोन!" मग तिचा, "दोन घेतले!" टिक. टिक. बाईंनी तिथेच थांबवलं. पुढचं त्यांनी कोणाला ऐकू दिलं नाही.

"परत लावा," धाकटा म्हणाला.

परत लावलं.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा ऐकल्यावर तो हळूच म्हणाला, "दोनशे दाबायला दोन, शून्य, शून्य आणि हिरवं. चार टिक लागतील." आणि मग, "दोनच आहेत."

मॅनेजर मात्र मानेना. आवाजाचं काय घेऊन बसलात, म्हणाला. तेव्हा बाईंनी मनगटाएवढं ओलं लाकूड मागवलं. ते जबड्यांमध्ये धाकट्याने स्वतः ठेवलं, जिथे त्याचा हात होता बरोबर तिथे. सगळे जाळीमागे उभे राहिले. बाईंनी बोलतं केलेल्या नव्या पॅनेलवर थोरली. दोन खाली, दोन वर, पुन्हा दोन खाली. यादीचा प्रोग्राम शेजारी चालूच. शंभर खेपा झाल्या. दोनशे झाल्या. मॅनेजर जांभई देऊन म्हणाला, "उगाच वेळ..." थोरली मात्र दर वेळी आकडा मोठ्याने म्हणत होती. माझी काय अवस्था झाली असेल सांगा! आता तरी माझा गुन्हा उघड होऊ दे, असं मी पहिल्यांदाच मनापासून मागत होतो.

तीनशे एकसष्टाव्या वेळी तो झाला. "दोन घेतले," ती म्हणाली, टिक, टिक, आणि जबडा कोसळला. लाकडाच्या ठिकऱ्या उडाल्या. एक ढलपी जाळी भेदून चष्मेवाल्याच्या गालात घुसली. पडद्यावर दोनच होते. माझ्या नोंदीत दोनशे.

चष्मेवाल्याच्या गालावरून रक्त गळत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. "मी काढली ती ओळ," तो म्हणाला. "मीच काढली."

धाकट्याने डायजवळ पडलेला हातोडा उचलला. या वेळी घाव कोणासाठी आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. चष्मेवाला जागचा हलला नाही. थोरलीने मधे येऊन दांडा दोन्ही हातांनी धरला.

"सोड, ताई."

"एक हात गेला तेवढा पुरे झाला. याचा मोडून तुझा परत येणार आहे?"

ओढाताण झाली. डाव्या हातातही त्याला बळ होतं, पण तिचे दोन होते. हातोडा लादीवर पडला. मला वाटलं, आता तो तिच्या गळ्यात पडेल. तो पडला नाही. भिंतीपाशी गेला, छापलेला तो कागद ओरबाडून काढला, दातांत धरला आणि डाव्या हाताने टराटरा फाडला. तुकडे थुंकून टाकले. मग तिथेच भिंतीला कपाळ टेकून तो रडला. तीही रडली, पण दूर उभी राहून. दोन महिने ज्याने तिला खोटी ठरवलं त्याच्या जवळ जायला तिचे पाय उचलत नव्हते, आणि त्यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

बाईंनी ओळ परत घातली. आता यादीवाल्याने मधेच दोनशे लिहिले तरी माझ्या वहीत एक तर दोन असतील, नाहीतर दोनशे. दोनशे असतील तर ते तपासणीतच अडतील आणि जबडा हलणार नाही. इतकी साधी गोष्ट. शेरा मात्र बाईंनी बदलला. आता तिथे लिहिलंय: "ही ओळ काढू नये. एकाचा हात गेला आहे." आधीच्या शेऱ्यात मोडायचे हात कोणाचे होते, आणि मोडले भलत्याचेच. मला आता त्याचं हसू येत नाही.

माझी ती खोटी नोंद पुसून टाका, असं थोरली बाईंना म्हणाली. बाई म्हणाल्या, नोंद पुसायची नसते. त्यांनी खाली एक ओळ वाढवली: "वरचा आकडा खरा नाही. दाबलेला आकडा दोन." दोन्ही ओळी आजही माझ्याजवळ आहेत.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालोय. लवकरच नवी पेटी येईल आणि मला कोणी उघडणार नाही. जाण्याआधी एवढंच मागतो. कोणाचं बोलणं आलं तर आधी ते जसंच्या तसं आपल्या वहीत उतरवून घ्या, मग पारखा, आणि पारखलेल्यावरच चाला. आणि यंत्र खोटं बोलत नाही असं सांगून कोणी एखाद्या माणसाला भिंतीशी उभं केलं, तर यंत्राला एवढं विचारा, "तू कितीदा वाचलंस?" मला कोणी पहिल्याच दिवशी विचारलं असतं, तर एका बहिणीचे दोन महिने वाचले असते.

पावणेदोन वर्षांनी धाकटा परत डाय बसवायला आला. आता मध्ये कोणीच हात घालत नाही. लांब दांड्याचा चिमटा असतो, तो त्याने डाव्या हातात धरला. थोरली पुन्हा पॅनेलवर होती.

"दोन!" तो ओरडला.

पॅनेलवरून काहीच आलं नाही.

"दोन, ताई!"

पंप घरघरत राहिला. तिसऱ्यांदा तो ओरडला नाही, नुसतं म्हणाला, "मी ऐकतोय. दाब."

"दोन घेतले," ती म्हणाली.

टिक. टिक.

तो मोजत होता, मला ऐकू आलं. एक, दोन.

मी एकदाच वाचलं.